भिंतीपलीकडचा मेन स्विच

सेलूच्या मोंढ्यात, धान्य-कापसाच्या बाजारात, आमचं सरकीचं गोडाऊन आहे आणि त्याच्या मधोमध भिंत आहे. ती भिंत मी घातली. वडील गेले तेव्हा इथं फाटकी पोती आणि एक काटा होता. धंदा मी उभा केला, गावोगाव सायकलवर फिरून, एकेका माणसाशी हुज्जत घालून. तरी वाटणीच्या वेळी चार वडीलधारी बसली आणि थोरला म्हणून रस्त्याकडची बाजू माझ्या भावाला देऊन मोकळी झाली. मला मागची. हे मी विसरलेलो नाही.

भिंत झाली, पण विजेचं मीटर एकच राहिलं आणि मेन स्विच भावाच्या बाजूला गेला. वेगळं मीटर घ्यायचं तर जुन्या कनेक्शनसाठी त्याची सही लागत होती. सही मागायला मी गेलो नाही.

सरकी आणि रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, धंद्यात एका ठिणगीची भीती असते. म्हणून वडिलांचा नियम होता. शेवटी निघणाऱ्यानं आतल्या माणसाला हाक मारायची, "ओढू का?" आतून "ओढा" आलं की मेन स्विच खाली ओढायचा आणि अंधारात क्षणभर उभं राहून वास घ्यायचा. कुठं काही धुमसत असेल तर ते डोळ्याआधी नाकाला कळतं. आम्हा भावांचं बोलणं बंद झालं तशी ती हाकही बंद झाली. तो ठरलेल्या वेळी स्विच ओढायचा, मी त्याच्या आधी आवरून निघायचो.

माझी मुलगी परभणीला शेतीच्या कॉलेजात शिकते. बोंडअळीवर तिचा प्रबंध होता. दोन हंगाम उन्हातान्हात कपाशीत उभं राहून तिनं नोंदी घेतल्या होत्या. सगळं लॅपटॉपमध्ये होतं आणि पुढच्या आठवड्यात ते जमा करायचं होतं. त्याची कॉपी तिनं दिवाळीत काढली होती, त्यानंतर नाही.

लॅपटॉप मीच तिला जुना घेऊन दिला होता. बॅटरी उतरलेली, म्हणून भाव चांगलाच पाडून घेतला होता. स्क्रीनवर बॅटरी भरलेली दिसायची, पण वायर निघाली की मशीन जागेवर बंद. टेबलावर ठेवूनच तर वापरायचाय, असा माझा हिशेब होता.

घराकडची लाईट संध्याकाळी जाते, मोंढ्याची जात नाही, आणि इंटरनेटही दुकानातच. म्हणून ती माझ्या टेबलाशी बसून लिहायची. त्या संध्याकाळी मशीननं अपडेट मागितलं. चालू असताना बंद करू नका, असं स्पष्ट लिहून आलं. तिनं हो म्हटलं. पट्टी हळूहळू भरत निम्म्यावर आली आणि भिंतीपलीकडून आवाज आला, खट्ट.

सगळं अंधारात गेलं. सवयीनं मी आधी वास घेतला. मग मुलीचा आवाज आला, "अप्पा, माझं मशीन."

मी मागच्या दारानं वळसा घालून रस्त्यावर गेलो. भाऊ शटर ओढत होता. सोनपेठला लग्नाला जायचं म्हणून लवकर बंद केलं होतं.

"हाक मारायला तोंड नव्हतं का?" मी ओरडलो.

"कुणाला मारू? माझ्या हाकंला ओ देणारं कोण हाय तिकडं?"

"माझ्या पोरीचं वाटोळं केलंस."

त्याचा हात शटरवर थांबला. "काय झालं तिला?"

"तुला काय करायचंय? जा, लग्नात जेव पोटभर."

भावानं स्विच परत वर केला, पण लाईट आली तरी लॅपटॉप उठला नाही. स्क्रीन काळी आणि एक बारीक दिवा लुकलुकत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही परभणीला दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं बटन दाबून पाहिलं आणि मान हलवली.

"काका, ह्याचा बायोस उडालाय. मशीनला आपण कोण हे आठवायना गेलंय. बोर्ड बदलावा लागतो."

"आन् आतलं लिखाण?"

"त्याची गॅरंटी न्हाई. डिस्कला कुलूप हाय, किल्ली ह्याच बोर्डात. बोर्ड बदलला तर कुलूप तसंच ऱ्हाणार."

"मग बदलून काय पूजा घालू?"

"तुमच्या मनावर हाय. भाव करायला ही भाजी न्हाई, काका."

मी तरी भांडलो. आयुष्यभर समोरच्याची गरज ओळखून मी सौदे केले. ह्या माणसाला माझी काहीच गरज नव्हती. लॅपटॉप काखेत मारून मी बाहेर पडलो. बसमध्ये मुलगी खिडकीकडं तोंड करून बसली होती. सेलू जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाली, "इतकं भांडून काय मिळालं?"

तिनं मैत्रिणीला फोन लावला. त्या मॉडेलच्या बायोसची फाईल कंपनीच्या साईटवर मिळत होती. ती पेनड्राईव्हवर घ्यायची, दोन बटनं दाबून धरायची आणि मशीन चालू करायचं. नशीब असलं तर ते स्वतःला दुरुस्त करतं. मात्र मधेच लाईट गेली तर बोर्ड कायमचा खलास.

"मोठ्या अप्पांना सांगावं लागंल," ती म्हणाली.

"मी न्हाई सांगणार."

"मी सांगते."

ती वळसा घालून गेली. भिंतीतून तिचं बोलणं पुसट ऐकू आलं. भावाचं मात्र स्पष्ट आलं, "कर माय. मी हितंच बसतो." मग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मेन स्विच कुठं आहे ते मला ठाऊक आहे. खुर्ची बरोबर त्याच्याखाली थांबली.

पहिल्या वेळी काहीच झालं नाही. दुसऱ्या वेळीही तोच दिवा लुकलुकला. तिच्या बोटांना घाम सुटला होता. तिसऱ्या वेळी आतला पंखा जोरात घरघरला आणि काळ्या स्क्रीनवर पट्टी उमटली. मी पट्टीकडं पाहिलंच नाही. डोक्यावरच्या बल्बकडं बघत बसलो.

पलीकडं कुणी गिऱ्हाईक आलं.

"आज बंद हाय," भाऊ म्हणाला.

"शटर तर उघडं हाय की!"

"शटर उघडं हाय, दुकान बंद हाय. उद्या या."

पट्टी भरली आणि मशीन आपोआप बंद पडलं. मुलीनं तोंडावर हात दाबला. मी टेबलाची कड धरली. मग कंपनीची खूण उमटली, चुकीची तारीख दिसली आणि शेवटी तिची पानं उघडली. ती रडली नाही, हसली नाही. आधी पेनड्राईव्हवर कॉपी घेतली, मग आणखी एका पेनड्राईव्हवर.

भावाची दुकान बंद करायची वेळ कधीच टळून गेली होती. भिंतीपलीकडून हाक आली, "ओढू का?"

कितीतरी महिन्यांनी. हाक मला होती. नियमानं ओ द्यायची तर ती मी. मुलगी माझ्याकडं बघत राहिली. रस्त्याकडची बाजू, ती वडीलधारी माणसं, निम्म्यावर थांबलेली पट्टी, सगळं आठवलं आणि मी टेबलावरच्या पावत्या आवरायला लागलो.

शेवटी तीच म्हणाली, "ओढा, मोठे अप्पा."

खट्ट झालं. अंधारात मी वास घेतला, सरकीचा, पोत्यांचा. पलीकडं तोही उभा होता. त्याचं नाक ओढल्याचं मला ऐकू आलं. मग शटर खाली पडलं.

मीटरची सही मी अजून मागितलेली नाही.