सात म्हंजे बराबर

पाण्याचा पेला हातात आला की सर तो आधी उजेडाकडे धरायचे. मग लग्नाची पंगत असो की आर्वीच्या एसटी स्टँडजवळची चहाची टपरी. शेजारच्याला म्हणायचे, "गुपचूप बसलं वाटते ना? तुटून राह्यलं हे. अन् जुळूनबी राह्यलं." शेजारचा बिचारा पेल्याला तडा गेला की काय, म्हणून वाकून बघायचा.

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते रसायनशास्त्र शिकवत आणि मी इतिहास. घरंही भिंतीला भिंत लागून. शाळा सुटली तरी ज्याचा विषय सुटत नाही, असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. शुद्ध पाण्यातले अगदी थोडे कण आपले आपणच फुटतात, एक तुकडा आम्लाकडचा आणि एक अल्कलीकडचा. दोन्ही सारखेच असतात, म्हणून पाणी कोणाच्याच बाजूचं नसतं आणि पीएचच्या पट्टीवर त्याचा आकडा येतो सात. हे सगळं मला भिंतीवरून, न विचारता शिकायला मिळालं.

गावातली अर्धी दुकानं त्यांच्या विद्यार्थ्यांची. सर बाजारातून जाताना लांबूनच हाक द्यायचे, "सात म्हंजे?" आणि वांगी तोलणारा भाजीवाला हातातला तराजू तसाच ठेवून ओरडायचा, "बराबर, सर!" आमच्या गावचा तो रामरामच होता म्हणा ना.

वर्गात मात्र सर कडक. "पट्टीवर एक घर खाली उतरलं का आंबटपणा दहापट. जवळपास बराबर म्हंजे चूक!" म्हणत ते सरळ शून्य द्यायचे. पोटच्या पोरीलाही त्यांनी सोडलं नव्हतं, आणि त्या दिवशी वहिनींनी त्यांना भाजी वाढली नाही.

वहिनी काही कमी नव्हत्या. "तुमचं पाणी तुटू द्या, पह्यले सिलिंडर संपलं ते पाहा," हा आवाज मला रोज ऐकू यायचा. उन्हाळ्यात तर दोघांचं फारच वाजायचं. एकदा भांडण झाल्यावर सर अंगणात येऊन हसत म्हणाले, "ऐकलं काय? आपल्या इथल्या मे महिन्यात पाणी जास्त तुटते. सातच्या खाली उतरते, तरी आंबट नाई होत. काऊन? दोन्हीकडचं सारखंच वाढते. आमचंबी तसंच आहे."

वहिनींना साखरेचा आजार होता. त्यात मूत्रपिंडं गेली. शेवटी वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं तेव्हा त्या जोरजोरात श्वास घेत होत्या, आणि सरांच्या हातातल्या पिशवीत त्यांच्या चपला होत्या. घरी परत येताना लागतील म्हणून.

दुपारपर्यंत बाहेरच्या बाकांवर आर्वीची माणसं जमली. भाजीवाला होता, किराणावाला होता, मी होतो. आत जाता-येता एक तरुण डॉक्टर घाईत सांगून गेला, "रक्ताचा पीएच सातवर आलाय."

भाजीवाला उठून उभाच राहिला. "सर, सात! बराबर आलं ना!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. किराणावाल्याने हात जोडले. माझ्याही जिवात जीव आला. मी सरांचा हात धरून विचारलं, "सर, सात म्हणजे ठीक ना?"

सरांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "हो," ते म्हणाले. "बराबर आहे."

कोणीतरी आनंदाने चहा आणला. सरांनी आमच्याबरोबर तो घेतला.

रक्ताला सात पुरत नाही, त्याला सात पूर्णांक चारच्या आसपास राहावं लागतं. त्यातून मूत्रपिंडं गेलेली असली, की सातवर उतरलेला माणूस क्वचितच मागे फिरतो. हे मला वहिनी गेल्यावर कळलं, आणि त्या संध्याकाळीच गेल्या. जन्मभर जवळपास बराबर उत्तराला शून्य देणाऱ्या माणसाने आमचं सपशेल चुकलेलं उत्तर तसंच राहू दिलं होतं. तो चहा आठवला की मला आजही रडू येतं.

आता शेजारच्या घराला कुलूप आहे. मुलीने सरांना पुलगावला नेलं. भांडीकुंडी न्यायला ती आली होती, तेव्हा ओट्यावर बसून तिने त्या दुपारचं सांगितलं. ती तेव्हा आत आईजवळ होती.

आमच्याबरोबर चहा पिऊन सर आत गेले, तेव्हा वहिनींना थोडी जाग होती. त्यांनी विचारलं, "काय म्हणते डॉक्टर?"

"सात," सर म्हणाले.

"मंग बराबर आहे." वहिनींच्या कपाळावरची आठी गेली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमी उपाशी असान. घरी जाऊन दोन घास खाऊन येजा."

"हो, जातो," असं म्हणून सरांनी स्टूल खाटेला लावलं आणि तिथेच बसले.