गावात राहणारी माणसे

नणंदबाई गेल्याची बातमी मला कोरगावला, माहेरी कळली. काजूचा हंगाम होता, भावाला हातभार म्हणून गेले होते. दुपारी यजमानांचा फोन आला. "बाय गेली," एवढेच म्हणाले आणि फोन चालूच ठेवला. मागे बसगाड्यांचे आवाज येत होते, त्यावरून कळले की ते साखळीला पोचले आहेत. ह्या गोष्टीला आता काही महिने झाले.

वत्सलाबाय ही यजमानांची थोरली बहीण. लग्न केले नाही. साखळीच्या शाळेत शिकवायच्या, तिथेच एक खोली घेऊन राहायच्या आणि सुट्टीला गावातल्या घरी, आमच्याकडे यायच्या. आमचे गाव खाणींच्या पायथ्याला. पावसात डोंगरावरचा लाल चिखल ओढ्याने उतरला आणि शेतात बसला, भात पिकेनासे झाले. तेव्हा ट्रक अडवायला जे रस्त्यावर बसले त्यांत ही दोन्ही भावंडे होती. मी घरून पेज न्यायचे. त्याच सुमारास बायच्या वर्गातल्या एका मुलीचा बाप खाणीवर टिपर ट्रकखाली सापडून गेला. हद्दीपलीकडचे, दोडामार्गकडचे कुटुंब, भाड्याच्या खोलीत राहणारे. बाय भरपाईचे विचारायला ठेकेदाराकडे गेल्या, तर तो म्हणाला, हा आमचा माणूसच नव्हे. घरी आल्यावर त्यांनी हे सगळे शांतपणे सांगितले. "मेल्यार तरी मनीस कोणाचो तरी आसूंक जाय," मेलेला माणूसही कोणाचातरी असायला हवा, एवढे म्हणाल्या आणि जेवायला बसल्या.

तिथून त्यांचे ते काम सुरू झाले. ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या माणसाची नोंद झाली पाहिजे, त्याच्या माघारी बायकोमुलांना हक्काचे मिळाले पाहिजे, ही मागणी घेऊन त्या पणजीच्या बसने जात. कामगार खात्यात बसत, आमदारांच्या व्हरांड्यात बसत. मोठ्याने बोलल्याचे कोणी ऐकले नाही. नाही म्हटले की परत यायच्या आणि पुन्हा जायच्या. त्या मुलीच्या आईला अखेर भरपाई मिळाली. पण तोवर मुलगी शाळा सोडून गेली होती.

मग खाणी बंद झाल्या. गावात देवळापुढे फटाके वाजले. पुढच्या पावसात ओढ्याचे पाणी कितीतरी वर्षांनी स्वच्छ आले आणि यजमान ते बघायला रोज जाऊन उभे राहात. बाय मात्र त्या दिवसांत गावातल्या खाणमजुरांच्या भाड्याच्या खोल्यांतून फिरत होत्या. सरकारची मदत जाहीर झाली ती ज्यांच्या नावावर ट्रक होते त्यांच्यासाठी. मातीत राबणारे, ट्रकवर क्लिनर म्हणून जाणारे, त्यांचे नाव कुठेच नव्हते. त्यांनाही धरा, म्हणून बाय परत पणजीच्या वाऱ्या करू लागल्या. कालपर्यंत ट्रक अडवणारी बाई आज खाणवाल्यांच्या माणसांसाठी भांडते, असे गावात बोलले जाऊ लागले. रस्त्यावर सोबत बसलेल्या बायकांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. यजमानांनी बोलणे टाकले नाही, पण कमी केले.

शेवटी अधिकारी तयार झाले, मात्र ही माणसे गावात राहतात असा पंचायतीचा ठराव हवा म्हणाले. यजमान तेव्हा पंच होते. बाय घरी आल्या, त्या दिवशी बाहेर सोप्यावरच बसल्या, आत आल्या नाहीत.

"आमच्या शेतात चिखल कोणी घातलो?" यजमानांनी विचारले.

"खाणवाल्यान घातलो, दत्ता. ह्यांनी पोटासाठी काम केला. तू पण शेतात तेच करी होतंस."

"ही आमच्या गावची माणसा न्हय."

"मग मी पण न्हय. मी पण भाड्याच्या खोलयेत रवतंय."

यजमान उठून आत गेले. मी बायना चहा दिला, तो त्यांनी सावकाश पिऊन संपवला आणि बस गाठायला निघून गेल्या. मला तेव्हा यजमानांचेच बरोबर वाटत होते... आजही ते अगदी चूक वाटत नाही. शेत आमचे गेले होते.

पंचायतीत यजमानांनी ठरावाविरुद्ध हात वर केला. तरीही ठराव झाला. काही घरांना मदत पोचली. बरीच घरे तोवर खोल्या सोडून सावंतवाडीकडे परतली होती. त्या वर्षी चतुर्थीला बाय येतील की नाही अशी मला धास्ती होती. त्या आल्या, भावाबरोबर गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधली, जेवल्या. ठरावाचा विषय दोघांनीही काढला नाही, आणि पुढेही कधीच काढला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर आम्ही दोघे साखळीची खोली रिकामी करायला गेलो. घरमालकाला चावी द्यायची होती. भांडीकुंडी बांधून झाली तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली, कडेवर मूल, हातात कसलासा कागद. मालवणकडची असावी. "बाय नाय घरात?" तिने विचारले. तिला कोणी सांगितले नव्हते. यजमान म्हणाले, "ती आता नाय." ती तशीच उभी. परत फिरेना, आत येईना.

यजमानांनी बांधलेली खुर्ची सोडली आणि दाराजवळ ठेवली. "बस," म्हणाले. "कागद हाड हंय."

तिने दिलेल्या कागदातले त्यांना फारसे काही कळले नाही. तरी त्यांनी तो शेवटपर्यंत वाचून दाखवला, आणि रविवारी ये, तोवर विचारून ठेवतो म्हणाले. चावी घरमालकाला दिली नाही; खोलीचे भाडे अजून आम्हीच भरतो.