बांध सरकना

आमच्या एरंडोलकडच्या गावात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, आणि ते रोट भाऊबंदांनी मिळून खायचे. पोरींच्या नावाची मूठ नसे; खायला मात्र आम्ही सगळ्यांच्या पुढे. आम्ही म्हणजे मी आणि माझी चुलतबहीण. एकाच भिंतीच्या अलीकडे मी राहायची, पलीकडे ती.

पहिली मोठी लढाई संपून थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा वडिलांचं आणि मोठ्या काकांचं फाटलं. दोघांच्या शेतांत एकच बांध. दर नांगरटीला वडील आपल्या बाजूने तो थोडा कोरत. काकांनी विचारलं की म्हणत, “बांध सरकना.” म्हणजे सरकला. जणू बांधाला पाय फुटले होते. फारच टोकलं तर नांगराच्या बैलाचं नाव घेत.

बोलणं बंद झालं. रोट वेगवेगळे झाले. त्यातच वैशाखात माझ्या त्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. काकूने निरोप धाडला, वडील म्हणाले, “जानं नही.” पलीकडे हळदीची गाणी चालली होती आणि मी अलीकडे ज्वारी निवडत बसले होते. इतकं एकटं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

त्या श्रावणात आमचा एक बैल गेला, कपाशीवर रोग पडला. काकांनीच करणी केली अशी वडिलांची खात्री. गहू घ्यायच्या संध्याकाळी ते देव्हाऱ्यातल्या कानबाईच्या नारळापुढे बसले आणि म्हणाले, “माय, हाई कोनी करं?” पलीकडे काकूचं जातं चालू होतं, ते नेमकं थांबलं. घर गप्प झालं. उत्तर येत नाही म्हणून वडील चिडतील असं मला वाटलं, कारण चिडायला त्यांना कारण लागत नसे. पण ते मान खाली घालून तसेच बसून राहिले. मग गव्हाचं सूप उचललं आणि काकांच्या ओट्यावर गेले. मी मागोमाग.

“भाऊ, बांध सरकना नही. मी सरकावा.”

काकांनी विचारलं, “आज बैलनं नाव नही?”

“नही. मीच.”

“मंग टाक मनी मूठ.” वडिलांनी काकांच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकली.

कपाशी निघाल्यावर बांध जागेवर गेला. देवी काय बोलली, असं मी वडिलांना विचारलं. म्हणाले, “काही नही. जातं थांबनं, तवय मालेच मना आवाज ऐकू उना.”

त्या वर्षी रोट पुन्हा एकत्र झाले, पण माझी बहीण नव्हती. ती सासरी, चाळीसगावकडे; आणि लग्न झालेल्या लेकीला माहेरचा रोट चालत नाही. पहिला घास घेतला आणि मला रडूच आलं. आईला वाटलं, ठसका लागला.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली. लिंबाला झोका बांधला होता, त्यावर ती बसलेली. मी जवळ गेले तशी हळूच म्हणाली, “तू मनी हळदले नही उनी.”

वडिलांनी येऊ दिलं नाही, हे उत्तर जिभेवर तयार होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण हळदीच्या दुपारी वडील शेतात होते, आणि आईने मागचं दार उघडून म्हटलं होतं, “जाय, मी देखी लिसू.” मीच गाल फुगवून बसले, तिने स्वतः बोलवायला यावं म्हणून. अंगाला हळद लागलेली नवरी कधी उंबरठा ओलांडते का? आणि तिची हळद आता पुन्हा लागणार नव्हती.

“मी उनू नही,” मी म्हणाले. “मीच.”

ती खाली बघत पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग झोक्याच्या फळीवर थोडी सरकली.