जातानाच अडणारी गाडी

पहिल्यांदा गाडी अडली तेव्हा मी सासूबाईंवरच खेकसले. "आत्याबाई, दरवाजा नीट लावला न्हाई तुमी!" दरवाजाचा आणि गाडी थांबण्याचा काय संबंध? पण मला राग आला की तो समोरच्या माणसावर निघतो. भर दुपार होती. हिंगोलीच्या दवाखान्यात त्यांचा मशीनचा नंबर होता आणि आमची गाडी चालता चालता जड होत गेली, मागून कोणी दावं ओढून धरावं तशी. ओढ्याच्या अलीकडे, जनावरांच्या पाण्याची जुनी दगडी डोण आहे, तिथं ती उभी राहिली. इंजिन चालू होतं. ब्रेकवर माझा पाय नव्हता.

सासूबाई काचेतून डोणीकडे बघत होत्या. "इथंच," एवढंच म्हणाल्या.

दोन्हीकडे सोयाबीन पिवळं पडलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पुढच्या चाकांपाशी काहीतरी जळाल्याचा वास येत होता. बऱ्याच वेळानं मी पुन्हा गिअर टाकला, तर गाडी काही झालंच नाही अशी चालू लागली. नंबर हुकला होता. त्या रात्री सासूबाईंना आडवं होता आलं नाही. भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून त्या श्वास घेत राहिल्या आणि मी त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघत बसले.

त्यांच्या किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा रक्त मशीनवर धुवावं लागतं. चुकलं की अंगात पाणी साचतं, आणि फार वेळा चुकलं तर माणूस जातं, हे डॉक्टरांनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितलंय. नवरा पुण्यात कंपनीत. घरी आम्ही दोघीच. आमच्या जवळच्या गोरेगाववरून भाड्याच्या जीपनं नेऊन पाहिलं, पण येताना गर्दीत त्या ओकायच्या. म्हणून ही जुनी पांढरी गाडी घेतली आणि चालवायचं माझ्याकडे आलं. मी शाळेत शिकवते, पण वसमतला माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. फ्रॉकातली मी गाडीत बसून त्यांच्यासाठी ब्रेक दाबायची, ते खाली निजून ब्रेकच्या नळीतली हवा काढायचे. त्यामुळे गाडीला मी भीत नाही.

दुसऱ्या खेपेलाही गाडी तिथंच अडली. अगदी त्याच डोणीपाशी.

मग गावात कुजबुज सुरू झाली, कारण ती जागा सगळ्यांना ठाऊक होती. आमच्या घरी एक पांढरा बैल होता, एक शिंग खाली कललेला. सासरे लवकर गेले. त्यानंतर सासूबाईंनी तो वासरापासून हातानं वाढवला आणि त्याच्यावरच शेती ओढली. बाजाराला जाताना तो त्या डोणीपाशी थांबायचाच. कासरा ओढा, शेपटी पिरगाळा, पण दम खाल्ल्याशिवाय हलायचा नाही. गाडी घ्यायची ठरली तेव्हा त्याला विकायचं ठरलं. आजाराच्या घरात बैल सांभाळणार कोण? बाजाराला नेताना तो डोणीपाशी बसला तो उठलाच नाही. सांजेला मेला. तिथंच ओढ्याच्या काठाला पुरला.

"माझ्या दुखण्यापायी त्याला इकायला काढला," सासूबाई म्हणायच्या. रडायच्या नाहीत. त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त भरून यायचं.

सेनगावच्या मेकॅनिकनं क्लच-प्लेट बदलली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! शेजारणीनं लिंबू-मिरची बांधली, ती मी तिच्यासमोर तोडून फेकली. पण खरं सांगते, तिसऱ्या खेपेला डोण दिसू लागली तसं मी स्टीअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. गाडी जड व्हायला लागली. मागच्या सीटवरून सासूबाई अगदी हळू, चुचकारत म्हणाल्या, "हो… हो रे राजा…"

बैलाला थांबवताना म्हणतात, तसं. आणि गाडी थांबली.

या खेपेला मी पाना सोबत आणला होता. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकाच्या आतलं निप्पल हाताला लागतं. निप्पल म्हणजे ब्रेकच्या नळीचं तोंड, हवा काढायला तेच उघडतात. चाक तापलं होतं, बोटं भाजली. निप्पल जरासं ढिलं केलं आणि आतून फुस्स करून तेलाची चिळकांडी उडाली, माझ्या मनगटावर गरम शिंतोडे आले. बैल नाकपुड्यांतून श्वास सोडतो ना, हुबेहूब तो आवाज. चाक मोकळं झालं.

"सोडलं का त्यानं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

दुसरं चाकही तसंच मोकळं केलं आणि आम्ही वेळेत पोचलो. मला वाटलं, जिंकले. पण पुढच्या नंबराच्या सकाळी त्या लुगडं नेसून तयार झाल्याच नाहीत.

"मी न्हाई येत बाई. तू त्याला जोर लावून बाजूला सारलंस. आता पुन्हा न्हाई."

"अवो, दाब अडकून राहिला होता तेलाचा! बैल कुठून आला त्यात?"

"आवतण दिलं होतं मी त्याला," त्या म्हणाल्या. "म्हणून आला."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. हळद-तेलानं खांदे मळतात आणि म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. यंदा गोठा रिकामा. त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा गाडीच्या बॉनेटवर हळदीची बोटं उठली होती. मी हसले होते. आता हसू येईना. ही बाई खरोखरच मशीनवर जाणं सोडणार होती, आणि गेली नाही तर पोळ्याचं आवतण तिलाच लागू होणार होतं.

मग मी चिडले आणि चिडल्यावर मला कामाचं सुचतं. "या, बसा गाडीत," म्हटलं. "ब्रेकचं जुनं तेल सगळं काढते. तुमच्या पायानंच काढते. मग बघा, आत कोण हाय ते."

का कोण जाणे, आल्या. मी बॉनेट उघडून पांढऱ्या डबीतलं ब्रेक ऑइल दवाखान्यातल्या रिकाम्या सिरिंजनं उपसलं आणि काचेच्या बाटलीत भरून दारातल्या वट्ट्यावर ठेवलं. डबीच्या झाकणाचं रबर भिजवलेल्या वाटाण्यासारखं टम्म फुगलं होतं. तिथंच मला शंका यायला हवी होती. नवं ऑइल भरलं, मागच्या डाव्या चाकाला निप्पलवर पारदर्शक नळी चढवली आणि पोत्यावर निजले.

"दाबा."

"दाबलं."

"अजून दाबा. अजून. आता धरून ठिवा."

"धरलं."

मी निप्पल उघडायची, चहासारखं काळपट तेल नळीतून यायचं, मध्येच बुडबुडे. बंद केलं की ओरडायचं, "सोडा!" गल्लीत आवाज नव्हता. खालून मला उघड्या दारातून बाहेर टेकलेला त्यांचा एक पाय दिसत होता, सुजलेला, चपलेचा पट्टा रुतलेला. आणि माझ्या हाकांच्या मध्ये त्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होत्या. "उभा रहा… हां… झालं, झालं…"

"कुणाशी बोलून राहिल्या आत्याबाई?"

"कुणाशी न्हाई. दाबू का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "हा पायाला उलटा रेटून राहिला गं."

निप्पल बंद असल्यावर पेडल रेटतंच, हे मला ठाऊक होतं. तरी मी गाडीखालून पटकन बाहेर आले.

हात धुवायला वट्ट्यावर गेले आणि बाटली बघून थबकले. तेलाचे दोन थर झाले होते. खाली काळपट ब्रेक ऑइल. वर सोनेरी पिवळं, स्वच्छ, घट्टसर. बोट बुडवून हुंगलं. करडीचं तेल. हळद घातलेलं.

सगळं लख्ख झालं. खाण्याच्या तेलानं ब्रेकची रबरं फुगतात, तेल परतायची वाट बुजते. घरापासून ठरावीक अंतर गेलं की चाकं तापतात, दाब आतच अडकतो, चाकं धरली जातात. निवलं की सुटतात. अंतर डोणीपर्यंतचं निघालं, इतकंच. मी बाटली त्यांच्या नाकाशी नेली. "हे तुमचंच तेल हाय! डबीत घातलं होतं का?"

"व्हय. तू ऑइल घालतीस तसं. वरून मळलं तर पत्र्याला काय कळणार? म्हणून आत घातलं." त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. बाटली त्यांनी हातात घेतली, उन्हात धरली. "म्हंजे त्यानं न्हाई अडवलं?"

"न्हाई."

मला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल त्यांना. तसं काही झालं नाही. त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. मग विचारलं, "मंग येताना काहून अडत नव्हता?"

मी म्हटलं, येताना संध्याकाळ असते, गार असतं, उतार लागतो. त्यांनी लेकराचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. उत्तर मलाही बराबर वाटलं नव्हतं. हिंगोलीहून आमच्या घरापर्यंत त्याहून कितीतरी लांब पल्ला आहे. चाकं तापायला हवी होती. एकदाही तापली नाहीत.

"मी सांगू?" त्या म्हणाल्या. "जाताना त्याला भ्याव वाटतं, ही परत येती का न्हाई. त्याला आमी तसंच नेलं होतं ना. येताना कशाला अडवंल? घरीच चालले म्हणून ठाऊक असतं त्याला."

मला रडू आलं आणि ते लपवायला मी पाना शोधत बसले.

सगळी रबरं बदलली, पुन्हा दोघींनी मिळून हवा काढली. पेडल दगडासारखं टणक झालं. त्या मशीनवर यायला तयार झाल्या, पण एका अटीवर. तेव्हापासून जाताना डोणीपाशी मी स्वतः ब्रेक लावते. त्या खिडकीतून हात बाहेर काढतात, थोड्या वेळानं म्हणतात, "चल. झाला त्याचा दम." त्या म्हणेपर्यंत माझा पाय ब्रेकवरून निघत नाही. येताना आम्ही थांबत नाही, कधीच नाही.

गेल्या आठवड्यात मशीनवर त्यांना फार तकलीफ झाली. येताना मागे आडव्याच होत्या. मला वाटलं, झोपल्यात. ओढा ओलांडला, डोण दिसली आणि मागून त्यांचा आवाज आला, "थांब गं इथं."

बैल तिथं बसला तो उठलाच नव्हता, एवढंच मला आठवलं. मी ऐकलंच नाही असं केलं. ब्रेककडे पाय जाऊ दिला नाही, गाडी जोरात पळवली आणि घर येईपर्यंत आरशात पाहिलं नाही.