पहिले तीन आठवडे

बिश्केकच्या एका संशोधन संस्थेत बातमाकान उंदीर सांभाळायची. जन्मापासून एकाही जंतूचा स्पर्श न झालेले उंदीर. हवाबंद पेटीच्या जाड हातमोज्यांत हात घालून त्यांचं दाणापाणी बघायचं.

त्या वर्षी तिने आठवड्याची काही पिल्लं अंगावर जंतू असलेल्या साध्या उंदरिणीच्या कुशीत ठेवली. बाकीची मोठी झाल्यावर साध्या उंदरांत सोडली. तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टर आसिपा तिला सांगायला धावत आली. ती बातमाकानला एजे, म्हणजे ताई, म्हणायची.

"एजे, रोगाशी लढणाऱ्या पेशींची एक निराळी जात असते. जंतू जीवनसत्त्व तयार करतात ना, त्यातलं एक द्रव्य मिळालं तरच त्या वाढतात. पहिल्या तीन आठवड्यांत मिळालं, की कातडीत कायमच्या वस्तीला राहतात."

"आणि उशिरा मिळालं तर?"

"तोवर दुसऱ्या पेशींनी जागा धरलेली असते. मग ह्यांचा जम बसत नाही."

बातमाकान नळाखाली हात धूत राहिली.

नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा इल्गिझ तीन महिन्यांचा होता. त्याला नारिनला सासूकडे ठेवून ती मॉस्कोला झाडलोटीच्या कामाला गेली. वर्षाचं म्हणून गेली आणि सातव्या वर्षी परतली. आता तो एकोणीस वर्षांचा होता, अजून आजीकडेच.

शनिवारी तिने नारिनची गाडी धरली.

"न कळवता आलीस?" सासू सायराकान दारातच म्हणाली. "उंदीर मेले की काय तुझे?"

बातमाकानने बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे गोळे, तळायला घेतले. घोड्यांना पाणी पाजून इल्गिझ आत आला. "आपा, भूक लागलीय, दे ना काहीतरी," तो आजीला म्हणाला. लहानपणापासून तो तिलाच आपा, म्हणजे आई, म्हणायचा. मग त्याला आई दिसली. त्याने टोपी काढली.

"तुम्ही कधी आलात?"

तो बसून बोरसोक खाऊ लागला.

"कसे झालेत?" तिने विचारलं.

"छान. उगाच त्रास घेतलात."

"माझ्या हातचे असते तर ताट सरकवलं असतं ह्याने," सायराकान हसली. "मीठच नाही त्यात!"

"खरं का रे?" बातमाकानने विचारलं.

इल्गिझ आजीकडे बघत राहिला. "नाही, चांगले आहेत," तो म्हणाला आणि आणखी दोन उचलले.

बातमाकानने त्यातला एक तोंडात टाकला. अगदी अळणी होता. एकदा तरी त्याने आपल्यावर खेकसावं, असं तिला फार वाटलं.