गुरुवारची बस आणि रडका चेहरा

चहा आधी संपवा, मग ऐका. मी कसा तोंडावर आपटलो ते सांगायला लागलो की दरवेळी कुणाचा तरी चहा सांडतो, आणि डाग पडतो माझ्या सतरंजीला.

माझं काम तुम्हाला माहीत आहेच. मेंदूच्या त्रासामुळे ज्या मुलांचे हातपाय किंवा बोलणं अडतं, त्यांना मी व्यायाम शिकवतो. मध्यंतरी आमच्या मॅडमनी नवीन काम काढलं. मुलांची तब्येत कशी आहे, दिवस कसा जातो, हे मोठ्यांना न विचारता थेट मुलांनाच विचारायचं. बोलणं जड जात असेल तर पाच चेहऱ्यांची पट्टी पुढे धरायची. एका टोकाला खदाखदा हसणारा चेहरा, दुसऱ्या टोकाला धो धो रडणारा. मूल बोट ठेवेल तो चेहरा आपण लिहायचा. सोपं आहे की नाही? मलाही तसंच वाटलं.

सुरुवातीला मुलांना एक पान वाचून दाखवायचं होतं. मी कोण, कशाला आलोय, तुझ्या उत्तरामुळे तुझं काही जाणार नाही, वगैरे वगैरे. पण मी पडलो अनुभवी माणूस. एवढं पुराण कोण वाचत बसणार? गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल, अशा थाटात मी देवगाव फाट्याजवळच्या एका गावात प्रज्ञाच्या घरी पोचलो. जय भीम झाला, पाणी झालं, आणि मी सरळ म्हणालो, "परभणीहून आलोय. खरी उत्तरं द्यायची. सगळं लिहून वर जाणार आहे."

प्रज्ञा अकरा वर्षांची. चालता येत नाही, बोलते ती एकेक शब्द ओढत, वेळ घेऊन. डोळे मात्र असे तल्लख, की मास्तर फळ्यावर चुकला तर आधी हिला कळावं. तिने ओळखपत्र पाहिलं, फाईल पाहिली आणि मान खाली घातली. उत्तरं मुलीचीच हवीत म्हणून आईला मी अंगणात बसवलं.

तब्येत कशी? बोट रडक्या चेहऱ्यावर. झोप? रडका. जेवण? रडका. मैत्रिणी? तिथेही रडका, आणि नेमक्या तेव्हाच दोन पोरी दारात उभ्या राहून तिला हाका मारत होत्या! प्रज्ञाने त्यांना भुवयांनी असं काही खुणावलं की त्या पळाल्याच. मी काय लिहिलं असेल? "चेहऱ्यावर वेदना स्पष्ट."

दर गुरुवारी आई तिला एसटीने जिंतूरला व्यायामाला न्यायची. बसचा प्रवास कसा वाटतो, असं विचारलं. तिने जरा विचार केला, सुस्कारा सोडला आणि रडक्या चेहऱ्यावर अख्खा तळहातच ठेवला.

अंगणात येऊन आईला तेच प्रश्न विचारले, तर तिचीही उत्तरं तंतोतंत तीच. आता गंमत बघा, या कामात आईची आणि मुलाची उत्तरं सहसा जुळत नाहीत. मूल म्हणतं मजेत आहे, आई म्हणते हाल आहेत. इथे दोघींच्या उत्तरांत तिळाएवढा फरक नाही. शहाण्या माणसाला इथेच शंका आली असती. मला वाटलं, वा, काय मन मोकळं करतात लोक आपल्यापाशी!

मग मला दयेचा झटका आला. अंगणात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मॅडमना फोन लावला. पोरीला बस अजिबात सोसत नाही, गुरुवारचं जिंतूर बंद करू, मीच महिन्यातून एकदा येऊन व्यायाम घेईन, असं सांगून टाकलं. मुलीचंच म्हणणं असेल तर तसं करा, असं मॅडम म्हणाल्या. मी छाती फुगवून आत वळलो.

आत प्रज्ञा हुंदके देऊन रडत होती. आई धावत आली, तिला जवळ घेतलं. पोरगी माझ्याकडे बघत एकेक शब्द ओढत म्हणाली, "बस... बंद... करू नका. मी... खोटं... सांगितलं."

खोटं कशाला, म्हणून मी आईकडे पाहिलं. तीही ओशाळली.

"सर, तुमी अपंगाच्या सर्टिफिकेटवाले ना? तपासणीत पोर हसतखेळत दिसली की टक्के कमी करतेत, मग एसटीचा पास जातो, असं सगळे म्हणायलेत. म्हणून आमी ठरवलं, कागदवाले आले की समदं वाईटच सांगायचं."

"पण मी सर्टिफिकेटवाला नाही हो."

"मग आधी सांगावं की. ही तर बुधवारपासूनच कपडे काढून ठेवती. तिला त्या बसचं लय याड हाय."

म्हणजे पास वाचावा म्हणून पोरीने सगळी दुःखं अंगावर घेतली, आणि मी तिच्या दुःखावर इलाज म्हणून बसच काढून घेतली! खरं सांगतो, त्या रडणाऱ्या पोरीसमोर मला फार लाज वाटली. मॅडमना पुन्हा फोन केला. माझी चूक झाली म्हणायला जीभ वळेना, म्हणून "मुलीचा विचार बदलला, बस चालू राहू द्या" एवढंच म्हणालो.

मग खाली बसलो, ते पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं आणि पुन्हा सगळं विचारलं. झोप हसरी. मैत्रिणी हसऱ्या. थंडीत पाय दुखतात, म्हणून तिथे मधला चेहरा. बसच्या प्रश्नाला तिने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "याच्याहून... मोठा... न्हाई का?"

शेवटचा प्रश्न होता, या आठवड्यात तुला सगळ्यात जास्त त्रास कुणामुळे झाला? प्रज्ञाचा हात हळूहळू वर आला. बोट माझ्या दिशेने. माझ्यामागे कुणी असेल म्हणून मी बाजूला सरकलो. बोटही सरकलं.

उत्तर मुलीचं आहे तसंच लिहायचं असतं. लिहिलं, "सर."

चार दिवसांनी मॅडमनी ते कागद वाचले आणि मला बोलावून घेतलं. चांगल्याच तापल्या होत्या. म्हणाल्या, "हा सर कोण आहे, शाळेतला का? शोधून काढा त्याला आणि माझ्या वतीने चांगला खडसावा."

मी म्हणालो, "ओळखीतलाच आहे मॅडम. खडसावतो."