अथाल रस्त्यावरचा चॅम्पियन

तो दारू पिऊन मेला, असं सिल्वासात आजही ज्याला म्हणायचंय त्यानं माझ्या तोंडावर म्हणावं. इतकी वर्षं हे ऐकत मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. आता नाही.

आम्ही दोघं धुळ्याकडचे. ऐंशीच्या दशकात इथं एकामागून एक कारखाने उठत होते आणि खान्देशातून एसटी भरभरून माणसं येत होती. मी सूत रंगवायच्या खात्यात ऑपरेटर, तो पॅकिंगमध्ये खोकी उचलायला. हात इतके लांब की मुकादम म्हणायचा, "हा कंबर न वाकवता खोकं उचलतो." पोलीस लाइनीतले एक हवालदार संध्याकाळी बॉक्सिंग शिकवायचे. चिंचेच्या फांदीला पोतं टांगलेलं, आत आमच्याच कारखान्यातलं टाकाऊ सूत. हा एकदा बघायला म्हणून गेला आणि तिथलाच झाला.

पुढं आमच्या एवढ्याशा केंद्रशासित प्रदेशाचा तो चॅम्पियन झाला, तेव्हा खात्यातल्या एकानं टर उडवली. "अरे, इथं बॉक्सर किती? एक तू, एक तुझी सावली. हरवलंस कुणाला?" तो नुसता हसला. मग बाहेरच्या राज्यात जाऊन त्यानं पदक आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्या टर उडवणाऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं. "घे बघ. सावलीनं आणलंय."

अडचण होती ती वजनाची. लग्न झालं, वहिनीच्या हातचं जेवण लागलं, अंग भरलं. हवालदार म्हणायचे, वरच्या वजनगटात खेळ. हा ऐकेना. "वर सगळे माझ्याएवढे. इथं माझे हात सगळ्यांपेक्षा लांब. मी का सोडू?"

म्हणून स्पर्धेआधी तो माझ्याकडे यायचा. साप्ताहिक सुट्टीलाही आमचा बॉयलर धुमसत ठेवलेला असे. बॉयलरमागच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. अंगाला खोक्यांचं प्लॅस्टिक गुंडाळून, वर स्वेटर चढवून तो आत बसायचा. घाम गाळायचा आणि मग पॅकिंगच्या काट्यावर उभा राहायचा. त्याची ताकीद होती, "मी पाणी मागितलं तर द्यायचं नाही. पाया पडलो तरी नाही." आणि मागायचाच! नाही म्हटलं की शिव्या. "कसाई आहेस भो तू!" जिंकून आला की पेढे घेऊन यायचा. "तू पाणी दिलं असतंस तर मी हरलो असतो, भाऊ." मला ते फार आवडायचं. त्याच्या पदकात अर्धा वाटा माझा, असं मी चारचौघांत सांगतही असे.

त्या उन्हाळ्यात देशपातळीवरच्या स्पर्धेला जायचं होतं. भर दुपारी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ आत बसला. दार उघडून म्हणाला, "भाऊ, आज दे."

शिवी नाही, आवाज नाही. मी तांब्या पाठीमागे लपवला आणि हसलो. म्हटलं, "पाया पड, मग बघू." तो पडला नाही. काट्यावर गेला. काटा अजून जरा वरच होता. "सायकलनं घरी जाताना उतरेल," म्हणाला आणि तसाच, प्लॅस्टिक-स्वेटरसकट, अथालकडे निघाला. मी कुलूप लावून जेवायला गेलो.

अथालच्या रस्त्यावर एका बारसमोर तो पडला. आमचं गाव कसं आहे ते सांगायला हवं. गुजरातेत दारूबंदी, इथं मोकळं. सुट्टीला तिकडून माणसं येतात, पितात, रस्त्याकडेला आडवी होतात. त्यांना वळसा घालून जायची आम्हा सगळ्यांच्या पायांना सवय. त्यालाही लोकांनी वळसा घातला. रहदारीला नको म्हणून कुणी सायकल बाजूला केली. एकानं तर ओळखलंही. "आज चॅम्पियनला चढली!" हसून पुढं गेला. उन्हं कलली तेव्हा वहिनी शोधत आली. तिनंच त्याला रिक्षात घातलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. डॉक्टर उष्माघात म्हणाले. पण गावाचा निकाल त्याआधीच लागला होता. दवाखान्याच्या पायरीवर जमलेल्या सगळ्यांसमोर वहिनी ओरडली, "या, त्याच्या तोंडाचा वास घ्या! कुणीही घ्या!" एकही पुढं आला नाही. मग ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमच्याकडे आला होता?"

"नाही," मी म्हणालो. नोकरी होती, किल्ली माझ्या खिशात होती. तेवढा एक शब्द बोललो आणि पुढं वर्षानुवर्षं त्याच्याच आडोशाला बसलो.

वहिनी गावी परत गेली नाही. अथालला खानावळ घातली. भिंतीवर त्याचा फोटो, मुठी वळून हात वर धरलेला. परवा एका नव्या कामगारानं विचारलं, हे कोण? शेजारचा जुना म्हणाला, "चांगला खेळायचा. दारूनं गेला." वहिनी वाढत होती. तिचा हात थांबला नाही. एवढी सवय झाली होती तिला. मला नाही सोसलं ते.

पंगत उठल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती परात घासत होती.

"पाणी मागितलं होतं त्यानं?"

"हो."

"आणि तुम्ही हसलात."

"हो."

तिनं परात पालथी घातली. "तो प्यायला नव्हता हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मला काय सांगता? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा. उद्या जेवणाच्या वेळेला या."

गेलो. माणसं जेवत असताना फोटोखाली उभा राहिलो. तो जुना म्हणाला, "काका, गेलं ते गेलं. आता कशाला?"

"तुला सांगायला," म्हटलं. "जेव आणि ऐक."

सगळं सांगितलं. खोली, किल्ली, तांब्या, माझं हसणं. कुणी जेवायचं थांबलं, कुणी नाही. वहिनीनं मला ताट वाढलं नाही, मीही मागितलं नाही. जाताना तिनं एवढंच सांगितलं, की इथं दर महिन्याला नवी माणसं येतात.

येऊ देत. मीही येतो.